शून्य कागदावर ठरतं

रायफलवरच्या दुर्बिणीच्या टरेटवर, म्हणजे नेम सरकवायच्या चकतीवर, ० हा आकडा खुणेच्या रेघेसमोर आला म्हणजे रायफल झिरो झाली, हा नवशिक्यांचा समज फार चिवट आहे. या पुस्तिकेतलं निम्मं लेखन त्या एका समजाविरुद्ध आहे, असं म्हटलं तरी चालेल. खोक्यातून काढलेल्या कोऱ्या दुर्बिणीवरही बहुधा शून्यच असतं. ते कारखान्यात कुणीतरी लावलेलं. त्या माणसाला तुमची रायफल ठाऊक नव्हती. तुम्ही कोणतं काडतूस भरणार, किती अंतरावर नेम धरणार, गाल दस्त्यावर कुठे टेकवणार, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गोळी कुठे लागते हे सांगायचा अधिकार फक्त लक्ष्याच्या कागदाला आहे. टरेटवरचा आकडा म्हणजे कागदाने जे सांगितलं त्याची आपण मागाहून केलेली नोंद. आधी कागद, मग नोंद. हा क्रम ज्याला उमगला त्याला पुढची सगळी प्रकरणं सोपी जातील. ज्याने तो उलटा केला तो महागातली महाग दुर्बीण लावूनही काडतुसांच्या पेट्या रिकाम्या करत बसेल.

झिरो करणं म्हणजे नेमकं काय, हे आधी स्वच्छ करून घेऊ. नजर सरळ रेषेत जाते. गोळी तशी जात नाही. नळीचं तोंड सोडल्या क्षणापासून ती खाली पडू लागते. शिवाय दुर्बीण नळीच्या वर बसवलेली असते. दुर्बिणीचा मध्य आणि नळीचा मध्य यांत साधारण दीड इंच, कधी त्याहून थोडं जास्त अंतर असतं. म्हणून नळी नजरेच्या रेषेच्या मानाने अगदी किंचित वर रोखलेली ठेवावी लागते. गोळी त्या रेषेखालून निघते, वर चढून तिला गाठते आणि पुढे पुन्हा तिच्याखाली उतरते. ही गाठ आपल्याला हव्या त्या अंतरावर आणून बसवायची आणि डावी-उजवी चूक त्याच अंतरावर काढून टाकायची, एवढंच हे काम आहे.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात, आणि दोन्ही नवशिक्याला चकवतात. .३०८ सारखी रायफल १०० यार्डांवर बरोबर मध्यात मारत असेल, तर २५ यार्डांवर ती पाऊण इंचाच्या आसपास खालीच लागणार. त्यात दोष काही नाही. गोळी अजून नजरेच्या रेषेपर्यंत चढलेलीच नसते. दुसरीकडे .२२ रिमफायर सावकाश जाणारी. नेहमीच्या, आवाजापेक्षा कमी वेगाच्या काडतुसाने ती ५० यार्डांवर झिरो केली तर १०० यार्डांवर सहा-सात इंच खाली जाते. म्हणून ‘माझी रायफल झिरो आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. किती अंतराला, कोणत्या काडतुसाने, हे त्यात यायलाच हवं.

ही पुस्तिका एडिसनमधल्या मराठी वाचकांसाठी आहे, आणि इथे एक प्रश्न दुर्बिणीच्याही आधी येतो: रायफलला हात लावायची आपल्याला कायद्याने मुभा आहे का? एडिसन आणि इझलिनमधल्या कितीतरी मराठी घरांत कुणी एच-१बी वर आहे, कुणी एच-४ वर, कुणी एल-१ वर, तर कुणाचा भाचा एफ-१ वर शिकायला आलेला आहे. हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. बाळगणं याचा अर्थ इथे फार व्यापक आहे. रेंजवर भाड्याने घेतलेली रायफल तासभर हातात धरणंही त्यात मोडतं. अपवाद आहेत, पण ते अरुंद आहेत. एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकारीचा परवाना हा त्यातला मुख्य. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही बंदी लागू नाही. हे इतकं ठासून सांगतो आहे, कारण यातली चूक दंड भरून मिटत नाही. तो गुन्हा ठरतो आणि वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या ग्रीन कार्डाच्या मुळाशी येऊ शकतो. मित्राने हौसेने रेंजवर नेलं आणि फोटो काढला, अशा साध्या गोष्टीतून हे घडू नये. शंका असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं, मग रेंजची वाट धरावी.

यानंतर न्यू जर्सीचा राज्याचा कायदा. रायफल विकत घ्यायला फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड लागतं. त्याचा अर्ज आपल्या गावच्या पोलिसांकडून मंजूर होतो, बोटांचे ठसे घेतात, ओळखीच्या माणसांची नावं मागतात, आणि २०२२ च्या कायद्यापासून सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षणही आवश्यक केलं आहे. महाराष्ट्रातून आलेल्यांनी एक फरक नीट लक्षात ठेवावा. भारतात ठरावीक ताकदीच्या आतल्या .१७७ एअर रायफलला परवाना लागत नाही. पुण्यात, कोल्हापुरात, ठाण्यात शाळकरी मुलं तिच्यावर शिकतात. न्यू जर्सीत मात्र माणसाला इजा करू शकेल अशी एअर गन कायद्याच्या व्याख्येत बंदूकच आहे. कार्डाचा नियम तिलाही लागतो, आणि ने-आण करतानाची शिस्तही तीच: रिकामी, बंद केलेल्या पेटीत किंवा डिकीत कुलूपबंद. कायदे बदलतात, म्हणून घेण्याआधी त्या दिवशीचा नियम पाहून घ्यावा.

बंदुकीचं नाव काढलं की घरातली ज्येष्ठ मंडळी अस्वस्थ होतात, आणि ‘इथे येऊन हे कशाला?’ असा प्रश्न येतो. तो प्रश्न मला रास्त वाटतो. त्याला उत्तर प्रत्येकाने आपापलं द्यावं. मी एवढंच म्हणेन की रायफलचा नेम हा आपल्याला परका विषय नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं. त्याआधी २००० मध्ये अंजली भागवत सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचल्या होत्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिम्पिकचं कांस्यपदक घेतलं. मराठी घरांत एनसीसी केलेले तर किती असतील. पोटावर झोपून .२२ ची पाच काडतुसं झाडायची आणि मग उस्तादाने कागदावर बोट ठेवून ‘ग्रुपिंग’ दाखवायचं, ही आठवण पन्नाशीतल्या अनेकांकडे आहे. ते ग्रुपिंग म्हणजेच या पुस्तिकेतल्या दुसऱ्या प्रकरणाचा विषय.

ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. तिथे डोळ्याजवळ बारीक छिद्राचा डायऑप्टर असतो आणि नळीच्या टोकाला गोल कडं. पण डायऑप्टरलाही चकत्या असतात, त्याही क्लिक-क्लिक फिरतात. थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तीन पवित्र्यांत नेम धरायचा असतो. पवित्रा बदलला की डोक्याचा कल, गालाचा दाब, खांद्याचा आधार हे सगळं बदलतं. म्हणून नेमबाज प्रत्येक पवित्र्यासाठी किती क्लिक इकडे-तिकडे करायचे याची स्वतंत्र नोंद ठेवतात. रायफल तीच, काडतूस तेच, अंतर तेच, माणूसही तोच, तरी झिरो हलतो. मग एकाने झिरो केलेली रायफल दुसऱ्याच्या खांद्याला गेली की ती तपासून घ्यावी लागते, यात नवल काय?

आता एडिसनबद्दल थोडं, कारण या गावाच्या मातीत हा विषय आहे. आज जिथे रॅरिटन सेंटरची गोदामं आणि कचेऱ्या आहेत, जिथे मोठ्या प्रदर्शनांना आणि भारतीय मेळाव्यांना आपण गाड्या घेऊन जातो, तिथे पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याचं रॅरिटन आर्सेनल उभं राहिलं. शस्त्रास्त्रं आणि दारूगोळा साठवायचा, दुरुस्त करायचा आणि जहाजांनी पुढे धाडायचा, हे त्याचं काम. गावाचं नावही तेव्हा रॅरिटन टाउनशिप होतं. एडिसन हे नाव १९५४ मध्ये आलं. आर्सेनल १९६० च्या दशकात बंद झालं आणि त्याच्या जमिनीच्या एका भागावर मिडलसेक्स काउंटी कॉलेज उभं राहिलं. आपल्यातल्या कितीतरी मुलामुलींनी पहिलं वर्ष तिथेच काढलं आहे. जमिनीत गाडल्या गेलेल्या दारूगोळ्याचा शोध आणि सफाई आर्सेनल बंद झाल्यानंतरही अनेक वर्षं चालू राहिली.

तिथून दक्षिणेला समुद्रकिनाऱ्यावर सी गर्ट आहे. उन्हाळ्यात आपण पोरांना घेऊन ज्या किनाऱ्यावर जातो त्याच पट्ट्यात. त्याची नेमबाजीतली गोष्ट मात्र दुसरीकडे सुरू होते: न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूर नावाची रेंज १८७३ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात तिथे ८००, ९०० आणि १००० यार्डांचा गाजलेला सामना झाला. ६.५ क्रीडमूर या काडतुसाचं नाव त्या रेंजवरून आलं आहे. १८९० च्या दशकात नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्पर्धा क्रीडमूरहून सी गर्टला आल्या, १९०३ चे पहिले नॅशनल मॅचेस तिथेच झाले, आणि १९०७ मध्ये ते ओहायोतल्या कँप पेरीला गेले. त्या काळच्या लांब पल्ल्याच्या रायफलींवर सहसा दुर्बीण नसे. दस्त्याजवळ व्हर्नियरची पट्टी असलेली उंच साइट असे, आणि तीवरचा आकडा वाचून वहीत उतरवत. १००० यार्डांना किती, ९०० ला किती, हे प्रत्येकाच्या वहीत वेगळं. दुर्बीण सर्रास वापरात नंतर आली. आकडा आणि वही त्याआधीपासून आहेत.

शिकारीचा भाग मी मुद्दाम थोडक्यात उरकतो, कारण पुस्तिकेचा भर रेंजवर आहे. एवढं सांगायला हवं की न्यू जर्सीत हरणाची शिकार आपण ज्याला साधारणपणे रायफल म्हणतो त्या सेंटरफायर रायफलीने करता येत नाही. शॉटगन, तोंडाकडून भरायची रायफल किंवा धनुष्य वापरावं लागतं. ज्यांना रायफलनेच जायचं असतं ते डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात जातात. तिथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हंगाम उघडतो. त्याआधीच्या आठवड्यांत रेंजवर जी घाई चालते ती पाहण्यासारखी असते आणि शिकण्यासारखी अजिबात नसते. वर्षभर कपाटात राहिलेल्या रायफलीतून दोन गोळ्या झाडून ‘ठीक आहे’ म्हणणारी माणसं तिथे दिसतात. नेम चुकला तर जखमी जनावर तासन्‌तास तडफडत हिंडतं. ज्याला शिकार करायची आहे त्याच्यावर झिरोची जबाबदारी इतर कुणाहीपेक्षा जास्त आहे, असं मी मनापासून मानतो.

मापांची भीती घालवू. टरेटचे क्लिक दोनपैकी एका मापात असतात. एक मिनिट ऑफ अँगल, म्हणजे अंशाचा साठावा भाग; १०० यार्डांवर तो एका इंचाहून किंचित जास्त, १.०४७ इंच भरतो. बहुतेक दुर्बिणींचा एक क्लिक पाव मिनिटाचा, म्हणून १०० यार्डांवर चार क्लिक म्हणजे एक इंच. ५० यार्डांवर त्याच एका इंचासाठी आठ क्लिक लागतात आणि २५ यार्डांवर सोळा. दुसरं माप मिल, म्हणजे अंतराचा हजारावा भाग. क्लिक बहुधा ०.१ मिलचा, तो १०० मीटरवर बरोबर एक सेंटिमीटर. मीटर-सेंटिमीटरवर वाढलेल्या आपल्या पिढीला मिल सोपा जायला हवा. पण इथल्या बहुतेक रेंजचे फलक यार्डांत असतात आणि कागदावरचे चौकोन इंचांत, म्हणून सुरुवातीला मिनिट बरं पडतं. दोन्ही एकत्र करू नयेत. रेटिकल (दुर्बिणीतून दिसणारी नेमाची खूण) मिलमध्ये आणि टरेट मिनिटात अशी जुनी दुर्बीण स्वस्तात मिळते. नवशिक्याने ती घेऊ नये.

झिरोची तयारी घरीच सुरू होते, आणि तिथेच अर्धं यश ठरतं. दुर्बीण धरणाऱ्या माउंटचे आणि कड्यांचे स्क्रू सैल असतील तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. कड्यांचे स्क्रू पुष्कळदा १५ ते १८ इंच-पाउंड इतकेच आवळायचे असतात. उत्पादकाच्या कागदावर जो आकडा असेल तो खरा, आणि त्यासाठी लहान टॉर्क रेंच घ्यावा. हाताच्या अंदाजाने आवळलेल्या कड्यांनी दुर्बिणीची नळी चेपते. रेटिकल सरळ उभं आहे ना, हे पाहावं. ते किंचित कललेलं असेल तर १०० यार्डांवर कळणारही नाही, पण लांबच्या अंतरासाठी टरेट वर फिरवला की गोळी बाजूलाही सरकू लागेल. रेटिकल आपल्या डोळ्याला धारदार दिसेपर्यंत मागची आयपीस फिरवून घ्यावी. मग पॅरालॅक्स: डोकं थोडं हलवल्यावर रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखं दिसत असेल, तर बाजूची पॅरालॅक्सची चकती त्या अंतराला लावून घ्यावी. ती चकती नसेल तर गाल दर वेळी त्याच जागी टेकवणं हाच उपाय.

रेंजवर पहिली गोळी झाडण्याआधी नळीतून पाहायचं. बोल्ट काढता येत असेल तर रायफल पिशव्यांवर घट्ट ठेवून नळीतून २५ यार्डांवरचं लक्ष्य मध्यात आणावं आणि रायफल न हलवता फक्त टरेट फिरवून रेटिकल त्याच ठिपक्यावर आणावं. बोल्ट निघत नसेल तर लेसर वापरतात. चेंबरमध्ये बसवायचा लेसर गोळी भरण्याआधी काढलाच पाहिजे, हे वाक्य पुस्तिकेत तीन ठिकाणी आलं आहे आणि ते तसंच राहू दिलं आहे. नळीतून पाहून काम संपत नाही. पहिली गोळी कागदावर कुठेतरी लागावी एवढीच त्यातून अपेक्षा.

मग तीन किंवा पाच गोळ्यांचा ग्रुप. प्रत्येक वेळी नेम एकाच ठिपक्यावर धरायचा, गोळी कुठे लागली तरी. पहिली गोळी डावीकडे लागली म्हणून दुसरीला नेम उजवीकडे धरणं, किंवा प्रत्येक गोळीनंतर टरेट फिरवणं, यासारखा वेळखाऊ प्रकार नाही. एक गोळी रायफलबद्दल काही सांगत नाही. ग्रुप सांगतो. ग्रुपचा मध्य काढावा, तो ठिपक्यापासून किती इंच खाली, किती डावीकडे हे मोजावं आणि तेवढंच हलवावं. समजा १०० यार्डांवर मध्य तीन इंच खाली आणि दोन इंच डावीकडे आहे: पाव मिनिटाच्या टरेटवर वर बारा क्लिक, उजवीकडे आठ. बाणावर लिहिलेली दिशा ही गोळी सरकायची दिशा, रेटिकलची नव्हे. मग पुन्हा ग्रुप. नळी तापली की थांबावं. घाईत तापलेल्या नळीचा ग्रुप भरकटतो आणि त्यावरून केलेली दुरुस्ती नळी थंड झाल्यावर खोटी ठरते. ग्रुप हाताच्या पंजाएवढा फाकला असेल तर टरेटला हातही लावू नये. आधी स्क्रू, पिशव्या, श्वास आणि ट्रिगर तपासावेत.

इथपर्यंत आलात की कागदावर शून्य मिळालं. टरेटवर मात्र आता काहीतरी भलताच आकडा दिसत असेल, ७, १३, काहीही. इथून पुस्तिकेचा गाभा सुरू होतो. आता चकती शून्यावर आणायची, पण दुर्बिणीच्या आत काही हलता कामा नये. तेलाच्या दुकानात रिकाम्या भांड्याचा धडा करतात तसंच हे: भांड्याचं वजन आहे तेवढंच राहतं, फक्त मोजणी तिथून सुरू होते. टरेटच्या आत एक स्क्रू असतो, तो दुर्बिणीतल्या नळीला ढकलतो आणि समोरून स्प्रिंग तिला दाबून धरते. क्लिक होतो तो या स्क्रूचा. वरची आकड्यांची चकती त्या स्क्रूवर नुसती घट्ट बसवलेली असते. ती सैल करून मोकळी फिरवली की आकडा बदलतो, गोळी बदलत नाही.

सैल करायच्या रीती दुर्बिणीगणिक वेगळ्या. काहींच्या डोक्यावर नाण्याने फिरवायचा एक स्क्रू असतो. काहींच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात, त्यांना लहान अ‍ॅलन की लागते. ते पूर्ण काढायचे नाहीत, थोडेच सैल करायचे, नाहीतर गवतात पडून हरवतात. शिकारीच्या झाकणवाल्या दुर्बिणींत बऱ्याचदा चकती वर ओढून, शून्यावर फिरवून, खाली दाबली की झालं. कोणतीही रीत असो, कसोटी एकच. चकती शून्याकडे नेताना क्लिक ऐकू आला किंवा बोटांना जाणवला, तर स्क्रूही फिरला आहे आणि कागदावरचं शून्य गेलं आहे. तेव्हा थांबावं, जितके क्लिक झाले तितके उलटे फिरवावेत आणि पुन्हा सैल करून पाहावं. स्क्रू परत आवळताना चकती हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने धरून ठेवावी. आणि सगळं झाल्यावर पुन्हा एक ग्रुप झाडावा. हा शेवटचा ग्रुप बहुतेक जण टाळतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आकडा आणि कागद यांचं जुळलं की नाही हे फक्त तोच सांगतो.

उघड्या टरेटच्या दुर्बिणींत आणखी एक सापळा असतो. टरेट एकाहून जास्त फेरे फिरतो आणि प्रत्येक फेऱ्याला शून्य रेघेसमोर येतं. लांबच्या अंतरासाठी वर फिरवला, परत आणताना एक फेरा राहिला, तरी चकती शून्यच दाखवते. एका फेऱ्यात १० मिल असलेल्या टरेटवर ती चूक १०० मीटरवर पूर्ण एक मीटर होते. गोळी लक्ष्याच्या वरून निघून जाऊ शकते. यासाठी टरेटखाली आडव्या रेघा असतात, किती दिसतात त्यावरून फेरा कळतो. झिरो झाल्यावर त्यांपैकी कितवी रेघ दिसते ते लिहून ठेवावं. झिरो-स्टॉप असलेल्या दुर्बिणीत चकती झिरोखाली जाऊच शकत नाही. तो स्टॉप आपल्या झिरोवर बसवणं हाही पुन्हा जुळवण्याच्या कामाचाच भाग, आणि नवशिक्यांसाठी तो पैसे वसूल करणारा गुण आहे.

जुनी दुर्बीण विकत घेतली किंवा एका रायफलीवरून दुसरीवर नेली तर आधी टरेट त्यांच्या मध्यावर आणावेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजायचे आणि निम्मे परत यायचं; १६० भरले तर ८०. टोकाला लागल्यावर जोर लावायचा नाही, आतला स्क्रू मऊ धातूचा असतो.

रेंजवर ‘सीज फायर’ची आरोळी झाली की रायफल रिकामी करून, चेंबरमध्ये झेंडी घालून मागे सरकायचं. त्या वेळात लोक पुढे कागद बदलत असतात, आणि नवशिक्याला नेमका तेव्हाच मोकळा वेळ मिळालेला असतो. ‘फक्त टरेट फिरवतोय’ म्हणून रायफलजवळ जाणं चालत नाही. रेंज अधिकारी लगेच थांबवतो, आणि त्याने थांबवायलाच हवं. क्लिकचा हिशेब वहीत करावा, टरेट पुढची लाइन उघडल्यावर फिरवावा. घरी निघण्याआधी हात थंड पाण्याने साबण लावून धुवावेत. शिशाची भुकटी बोटांवर राहते.

वहीत तारीख, काडतुसाचा प्रकार आणि पेटीवरचा लॉट नंबर, अंतर, हवामान, थंड नळीची पहिली गोळी कुठे गेली, आणि टरेटखालची रेघ एवढं पुरे. .२२ मध्ये एका लॉटवरून दुसऱ्यावर गेलं तरी ग्रुप सरकतो. जानेवारीच्या गारठ्यात आणि ऑगस्टच्या उकाड्यात दारूचा वेग वेगळा असतो, त्यामुळे न्यू जर्सीत वर्षातून दोनदा तरी झिरो तपासावा असं मी सुचवतो.

शेवटचं प्रकरण चौकोनी चाचणीचं आहे. मोठ्या कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ठिपका काढायचा आणि शेवटपर्यंत नेम त्याच ठिपक्यावर धरायचा. पहिला ग्रुप झिरोवर. मग वीस क्लिक वर आणि ग्रुप, वीस उजवीकडे आणि ग्रुप, वीस खाली आणि ग्रुप, वीस डावीकडे आणि ग्रुप. पाव मिनिटाच्या टरेटवर १०० यार्डांना साधारण पाच-पाच इंचांचा चौकोन मिळायला हवा, आणि पाचवा ग्रुप पहिल्यावर चढायला हवा. चौकोन लहान-मोठा निघाला तर क्लिकचं खरं माप काढून वहीत लिहावं, तशी दुर्बीणही वापरता येते. पाचवा ग्रुप पहिल्यावर आला नाही तर आधी माउंट आणि कडी आवळून चाचणी पुन्हा करावी. तरीही आला नाही, तर ती दुर्बीण वॉरंटीखाली उत्पादकाकडे परत पाठवावी, आणि ती येईपर्यंत त्या रायफलीचा कोणताही झिरो वहीत पक्का म्हणून लिहू नये.